स्वानंदीचं ताट

तुमचं नाव कोणी कधी बदललं आहे का? तुम्हाला न विचारता, भर मांडवात, चारशे लोकांसमोर?

पुरुष असाल तर हा प्रश्न आपल्यासाठी नाही असं समजून पान उलटू नका. तुमच्यासाठीच आहे. ताटातल्या तांदळावर अंगठीनं ते नाव लिहिणारं बोट तुमचंच असतं.

हा प्रश्न मला सुचलेला नाही. मी सत्यभामा, असल्या प्रश्नांत पडणारी बाईच नाही. जबलपूरच्या कलेक्टर कचेरीबाहेर, स्टॅम्पवाल्यांच्या शेजारी माझं स्टूल आहे. शिक्षण आठवीपर्यंत, तेही पास नाही. कायदा मी रद्दीतल्या पुस्तकांतून आणि बाबूंशी भांडून शिकले. रेशनकार्ड, पेन्शन, जातीचा दाखला, माहितीचा अधिकार, ज्याचं जे अडेल ते मी लिहून देते आणि नाही झालं तर आत जाऊन आवाज करते. वीस वर्षांत मला वाटायला लागलं होतं की कागदावरचं नाव म्हणजे स्पेलिंग आणि शिक्का, दुसरं काही नाही. कुंदा नाफडेनं मला दुसरं काही शिकवलं. तिचे आभार मी तोंडावर मानले तर ती लाजून विषय बदलेल, म्हणून इथं लिहून ठेवते.

कुंदा कमानिया गेटाजवळ एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. मूळची अमरावतीची, लग्न होऊन जबलपूरच्याच गोरखपुर मोहल्ल्यात आली. समोरचा माणूस बोलत असला की ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, नाकाच्या हाडाकडे आणि कानांकडे बघते. फ्रेम कुठं टेकेल ते बघायची सवय. नवीन माणसाला वाटतं बाई चक्रम आहे.

२०२२ सालच्या दिवाळीनंतर ती पहिल्यांदा माझ्या स्टुलाशी आली. कापडी पिशवीत कागद. म्हणाली, "दीदी, मूल दत्तक घ्यायचा फॉर्म भरला होता. सरकारी पोर्टलवरून दोनदा परत आला. काहून परत येऊन राहिला, समजत नाही."

मी कागद पसरले. जन्माच्या दाखल्यावर कुंदा पुंडलिक साठवणे. दहावीच्या मार्कशीटवर तेच. पॅनकार्डावर कुंदा श्यामसुंदर नाफडे. आधार, मतदार कार्ड, लग्नाचं सर्टिफिकेट, या तिन्हींवर पूर्णिमा श्यामसुंदर नाफडे.

"या दोघी कोण?" मी विचारलं.

"दोन्ही मीच."

"हे तुम्हाला माहीत. पोर्टलला काय माहीत? त्याला वाटतं एक माणूस दोन बायकांबरोबर मूल मागून राहिला आहे. पंधरा वर्षं झाली लग्नाला, तुम्हाला एक कागद नीट करता आला नाही?"

मी असं बोलते. लोक रडतात किंवा उठून जातात. कुंदानं हात पुढे केला आणि माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. त्याची एक दांडी मी दोऱ्यानं बांधली होती. पर्समधून तिनं बोटाएवढा पेचकस काढला, दोरा सोडला, कुठून तरी एक स्क्रू काढून बसवला, आणि चष्मा परत माझ्या नाकावर ठेवून म्हणाली, "आता बोला. आता तुम्हाला मी नीट दिसेन."

मग तिनं सांगितलं. लग्न पौर्णिमेचं होतं. यांच्या घरी प्रत्येक सुनेचं नाव बदलतात आणि नाव ठेवण्याचा मान आत्याबाईंचा. कुमुदआत्या म्हणजे श्यामसुंदरच्या वडिलांची बहीण, तेव्हाच साठीच्या घरात. त्यांनी ठरवलं पूर्णिमा. ताटात तांदूळ पसरले, श्यामसुंदरनं अंगठीनं नाव काढलं, पेढे वाटले. कुंदाला ते नाव तांदळातच पहिल्यांदा दिसलं. पुढं आधार कार्डाचा कॅम्प लागला तेव्हा आत्यांनी घरातल्या सगळ्यांची नावं रांगेत सांगितली आणि ती कायमची पूर्णिमा झाली. दुकानात मार्कशीट दाखवून लागली होती, म्हणून तिथं कुंदा. घरात एक, दुकानात एक.

मी म्हटलं, "सोपं आहे. प्रतिज्ञापत्र करू, पेपरात जाहिरात देऊ. सगळीकडे पूर्णिमा लावून टाकू, जास्त कागद त्याच नावाचे आहेत."

"करा," ती म्हणाली.

प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलं. हिंदीत, नेहमीचा मजकूर, की कुंदा एवं पूर्णिमा एक ही महिला के नाम हैं। तिनं ते दोनदा वाचलं. सही करताना हसली. "पंधरा वर्षांनी कोणीतरी दोघींना एका ओळीत बसवलं, दीदी."

मला वाटलं विनोद केला. मी पुढच्या माणसाला हाक मारली.

मूल का झालं नाही हे मी विचारलं नाही. फॉर्मात तसा रकाना नाही आणि नसायलाच हवा. त्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलीसाठी अर्ज केला होता. श्यामसुंदर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहे, सज्जन माणूस, प्रत्येक वाक्याला "बराबर आहे" म्हणतो. तो म्हणाला, "तान्ह्या बाळासाठी लाइन लंबी आहे दीदी, आणि आपण काही आता नवे नाही राहिलो." नंबर लागला तेव्हा तो अठ्ठेचाळीसचा होता, ही चव्वेचाळीसची.

फॉर्म मंजूर झाला. आता समाजसेविका घरी येऊन बघणार, घरात कोण कोण आहे, मुलीला नीट ठेवतील का, आणि रिपोर्ट लिहिणार. त्या रिपोर्टावर सगळं. तो वाकडा आला की संपलं.

मी तीन दिवस शिकवणी घेतली. काय विचारतील, काय सांगायचं. आणि बजावलं की त्या दिवशी आत्यांना ग्वारीघाटला नर्मदेच्या दर्शनाला पाठवा. कारण आत्यांनी एक काम करून ठेवलं होतं.

कमानिया गेटाजवळच्या भांडेवाल्याकडून त्यांनी स्टीलचं ताट, वाटी आणि पेला आणला होता आणि तिन्हींवर मशीननं नाव कोरून घेतलं होतं, स्वानंदी श्या. नाफडे. खाली तारखेला जागा मोकळी ठेवली होती. मुलगी अजून कागदातही नव्हती आणि तिचं ताट फळीवर उभं होतं. आमच्या लोकांना भांड्यावर नाव घातल्याशिवाय माणूस घरात आल्यासारखा वाटत नाही. लग्न, मुंज, बारसं, काही असो, आधी भांडं. नाफड्यांच्या फळीवर तीन पिढ्यांची नावं आहेत.

"आत्या, तुम्ही घाटावर जाऊन या," मी गोड बोलून पाहिलं.

"माझ्या घरी पाहुणी येणार आणि मी घाटावर जाऊ? तू जा."

समाजसेविका आली. तिशीतली मुलगी, साधा सलवार-कुर्ता, खांद्याला बॅग. आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायचो. मी स्वयंपाकघरात बसले होते. खरं तर मी तिथं असायला नकोच होतं, पण मला वाटलं माझ्याशिवाय हे लोक गडबडतील. मॅडमनं पाणी मागितलं. आणि आत्यांनी, पाहुणी म्हणून, घरातला सगळ्यात नवा चकचकीत पेला काढला.

मॅडम पाणी प्यायल्या, पेला फिरवून त्यांनी नाव वाचलं. "ये स्वानंदी कौन हैं?"

"येणारी मुलगी," आत्या अभिमानानं म्हणाल्या. मग हिंदीत, "हमारी पोती। नाम मैंने रखा है।"

"चार-छह साल की बच्ची का अपना नाम होगा, माताजी।"

"होगा। हमारे यहाँ बदल देते हैं। ये भी तो कुंदा थी।"

मॅडमनं वहीत काहीतरी लिहिलं. ते लिहिणं मला दिसलं आणि माझं डोकं फिरलं. मी बाहेर आले. "बर्तन पे नाम लिखवाना कौन सी धारा में जुर्म है, बताइए ज़रा। प्यार से लिखवाया है। आप क्या लिख रही हैं?"

"आप कौन?"

"मैं इनकी तरफ से हूँ।"

"तो इनकी तरफ से नीचे बैठिए।"

मी तासभर जिन्यात बसले. लोकांच्या चपला मोजल्या. मॅडम उतरताना माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "गुस्सा सँभालकर रखिए, दीदी। कहीं सच में लगेगा।" माझ्याशी असं कोणी बोललं की मी ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं, कारण वर कुंदा दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या तोंडामुळे तिची मुलगी गेली असती.

रिपोर्ट वाकडा आला नाही. मॅडमनं लिहिलं, घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, मात्र मुलीच्या नावाबद्दल कुटुंबाशी आणखी बोलणं आवश्यक. मग त्या स्वतः दोनदा येऊन आत्यांशी बोलून गेल्या. आत्यांनी दोन्ही वेळा त्यांना जुन्या, पोचे आलेल्या पेल्यात पाणी दिलं.

त्यानंतर दोन वर्षांहून जास्त थांबणं. पोर्टलवर नंबर सरकायचा, कधी सरकायचाच नाही. या काळात कुंदानं जी तयारी केली ती मी बघितली आहे. दाराशेजारची कपड्यांची खुंटी तिनं काढून कमरेच्या उंचीला ठोकली. आत्या तिला आपला पदर अडकतो म्हणून कुरकुरायच्या. बाथरूमच्या दिव्याचं बटण खाली घेतलं. दुकानात लहान मुलगी चष्म्याला आली की कुंदा खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसायची आणि आधी विचारायची, "हाथ लगाऊँ?" मुलगी हो म्हणाली तरच कानाला हात. मालक म्हणायचा, अहो, वेळ जातो. ती म्हणायची, जाऊ द्या.

एक दिवस तिनं घरात जाहीर केलं की मुलगी आली की पहिलं वर्षभर सगळ्यांनी हिंदीत बोलायचं, तिला आपली भाषा येणार नाही. आत्या चिडल्या. "पाच पिढ्या या गावात मराठी सांभाळली, ती याच्यासाठी?"

श्यामसुंदर म्हणाला, "आत्या, आपली मराठी तशी पण आधी हिंदीच आहे." अर्धीला आधी म्हणणाऱ्या त्याच्या आयुष्यातला हा एकमेव विनोद असावा.

२०२५ च्या फेब्रुवारीत, दुपारी, दुकानात तिच्या मोबाइलवर मेसेज आला. एका मुलीची माहिती दिली आहे, अठ्ठेचाळीस तासांत हो किंवा नाही. माझ्या स्टुलाकडे येणाऱ्या कुंदाला मी पहिल्यांदा धावताना पाहिलं. हातात काच घासायचा कपडा तसाच. मागून श्यामसुंदर, पार्सल ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा गळ्यात.

मुलगी साडेपाच वर्षांची. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत. दत्तक मुलाचं खरं नाव छापायचं नसतं, तसा कायदा आहे आणि तो कायदा मला पटतो, म्हणून मी इथं तिला फूलमती म्हणते. खरं नाव त्याच वळणाचं आहे, मंडला-डिंडोरीकडच्या गावांत असतं तसं. फाइलमध्ये खाली आणखी एक ओळ होती. हिला आधी एका घरी दिलं होतं. तीन महिन्यांनी त्यांनी परत आणून सोडली. त्या घरी तिचं नाव परी ठेवलं होतं.

इथं मी पुन्हा माझ्या तोंडाची लाज सांगते. मी म्हटलं, "विचार करा. परत आलेली आहे, म्हणजे काहीतरी असेल."

कुंदा माझ्याकडे बघत राहिली, यावेळी डोळ्यांत. "दीदी, चष्मा परत येतो ना दुकानात, तेव्हा आम्ही आधी फ्रेम तपासतो. गिऱ्हाइकाचं नाक नाही. इथं नाक पोरीचं आहे, फ्रेम त्या घराची."

"बराबर आहे," श्यामसुंदर म्हणाला. अठ्ठेचाळीस तासांपैकी त्यांना दहा मिनिटं लागली.

भेटायला मी पण गेले, कुंदानं बोलावलं म्हणून. एका अटीवर, की व्हरांड्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. खिडकी उघडी होती. संस्थेच्या अधीक्षिका बाईंनी आधीच सांगितलं, "बच्ची पाँच के ऊपर है। उसकी हाँ ज़रूरी है। वो मना करेगी तो मैं ज़बरदस्ती नहीं करूँगी।" मला ती बाई आवडली. म्हणजे आता सगळं त्या साडेपाच वर्षांच्या पोरीच्या हातात.

फूलमती खुर्चीच्या काठावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तेल लावून घट्ट वेणी. श्यामसुंदरनं कमानिया गेटावरून खव्याची जलेबी आणली होती, ती तिच्यापुढे ठेवली. तिनं बघितलंही नाही. कुंदा खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसली.  

मग ती मुलगी म्हणाली, "इस बार मेरा नाम क्या रखोगे?"

खिडकीबाहेर माझा हात तोंडावर गेला. भांडण सुचेल असं तिथं काही नव्हतं. पोरीला माहीत होतं की लोक येतात, नाव देतात, मग माणूस आणि नाव दोन्ही परत करतात. आता ती फक्त विचारून घेत होती, म्हणजे लक्षात ठेवायला बरं.

कुंदानं फाइल उघडली. मला वाटलं फोटो दाखवणार घराचे. तिनं ते प्रतिज्ञापत्र काढलं आणि मुलीच्या मांडीवर ठेवलं.

"ये क्या है?"

"इसमें लिखा है कि मेरे भी दो नाम हैं। ये वाला कुंदा। ये वाला पूर्णिमा।"

मुलीनं एक हात मांडीखालून काढला आणि गोल शिक्क्यावर बोट फिरवलं. "दूसरा वाला किसने रखा?"

"शादी में रखा। इन्होंने लिखा था।"

मुलीनं श्यामसुंदरकडे बघितलं. असं बघितलं की मी त्याच्या जागी असते तर वकील केला असता. "आपसे पूछा था?"

"नहीं।"

"बुरा लगा था?"

 अठरा वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं, आईनं नाही, नवऱ्यानं नाही, आणि कागद लिहून देणाऱ्या मी पण नाही. "हाँ," ती म्हणाली. "बहुत।"

"तो असली कौन सा है?"

"कुंदा।"

"और मेरा?"

"तुम बताओ।"

"फूलमती।"

"तो फूलमती।"

मुलीनं दुसरा हात काढला. जलेबीचा तुकडा मोडला, अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळला. "ये बाद में खा सकते हैं?" अधीक्षिका बाईंनी मान हलवली आणि विचारलं, "बेटा, इनके घर जाओगी?"

फूलमतीनं लगेच हो म्हटलं नाही. हुशार आहे. म्हणाली, "पहले ये लोग दुबारा आएँ। फिर बताऊँगी।"

परतीच्या बसमध्ये मी मागच्या सीटवर होते. बरेला गावाच्या अलीकडे श्यामसुंदर म्हणाला, "तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

तो बराबर आहे म्हणाला नाही.  स्टँडवर उतरताना पिशवी घ्यायला हात पुढे करून म्हणाला, "दे इकडे, कुंदा." नाव त्याच्या तोंडात नव्या चपलेसारखं लागत होतं. तिनं पिशवी दिली आणि माझ्याकडे बघून मान फिरवली. मी मुद्दाम चष्मा पुसला.

आत्यांना त्यांनी घरी सगळं सांगितलं. परी नावाचंही. आत्या जेवल्या आणि झोपायला गेल्या. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मला फोन. "तू मोकळी आहेस ना? रिक्षा घेऊन ये. कमानियाला जायचं आहे."

पिशवीत ताट, वाटी, पेला. भांडेवाल्यापुढे मांडून त्यांनी विचारलं, "भैया, ये मिटेगा?"

"अम्मा, घिसूँगा तो गड्ढा पड़ेगा। नाम नहीं जाता।"

"अच्छा। तो नया सेट दो। लिखो फूलमती।"

"पूरा नाम बोलिए।"

"पूरा यही है। बाकी कलेक्टर साहब लिखेंगे।"

मशीन किरकिरायला लागली. आत्या स्टुलावर बसल्या, पिशवीतलं जुनं ताट मांडीवर. मी विचारलं, "आणि याचं काय करणार?"

"मी जेवेन याच्यात. मला तरी कुठं नाव आहे आता? कुमुद म्हणणारा शेवटचा माझा भाऊ होता. तो जाऊन बारा वर्षं झाली. सगळ्यांची मी आत्या." मग म्हणाल्या, "अकरा जणांची नावं ठेवली मी, सत्यभामा. सुना धरून. मला वाटायचं मी देऊन राहिली आहे काहीतरी."

मी काही बोलले नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

कुंदा आणि श्यामसुंदर पुन्हा गेले. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी फूलमतीनं विचारलं, "उधर मेरा बस्ता कहाँ टँगेगा?" कुंदानं मोबाइलवर खुंटीचा फोटो दाखवला. मुलीनं उभं राहून आपल्या कमरेशी हात लावून बघितला आणि अधीक्षिका बाईंना म्हणाली, "ठीक है, जाती हूँ।" इतकं साधं. तीन वर्षं ज्याच्यासाठी पोर्टल उघडबंद केलं ते चार शब्दांत झालं.

एप्रिलमध्ये ती घरी आली. दारात ओवाळताना आत्यांनी हात जोडून विचारलं, "आपका नाम?" हे ठरलेलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "फूलमती।" आत्या म्हणाल्या, "मैं कुमुद।" बस, झालं बारसं.

दुपारी जेवायला बसल्यावर फूलमतीनं आपलं ताट उलटंपालटं करून बघितलं. शाळेत अक्षरं शिकलेली होती, बोट ठेवून वाचलं. मग शेजारी आत्यांच्या ताटात वाकून बघितलं, तेही वाचायचा प्रयत्न केला. "आपका नाम तो कुमुद है। इसमें कुछ और लिखा है।"

"गलती से आ गया," आत्या म्हणाल्या. "खाना खाओ।"

सप्टेंबरमध्ये कलेक्टरचा दत्तकाचा आदेश झाला. मी आवाज न करता झाला, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मॅडम घरी आल्या होत्या, आत्यांनी त्यांना चांगल्या पेल्यात पाणी दिलं. आता कुंदा माझ्या मागे लागली आहे की सगळीकडे कुंदा करायचं, आधार, मतदार कार्ड, सगळं. मी चिडले. म्हटलं, तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर एकदाच झालं असतं. ती म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी मला माहीत नव्हतं, दीदी." मी अर्ज लिहायला घेतला आहे. कामाचे पैसे ती देते म्हणाली, मी घेतले नाहीत. वर्षातून दोनदा ती माझा चष्मा बघते, तेवढं बस.

तिच्यामुळे आता माझ्या स्टुलाशी नावाचं काम घेऊन बाई आली की मी एक प्रश्न आधी विचारते, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. किती बायकांनी मान खाली घालून दुसरंच नाव सांगितलं, ते ऐकून तुम्हाला विश्वास बसणार नाही. मालती, बेबी, सुशीला, छबू. काहींना आठवायला वेळ लागतो.

मला तुमच्याकडून एकच हवं आहे. आज घरी गेलात की तुमच्या आईला, काकूला, आजीला, बायकोला विचारा, तुझं आधीचं नाव काय होतं. ती हसेल, म्हणेल काहून विचारून राहिला, जाऊ दे. जाऊ देऊ नका. सांगेपर्यंत थांबा. मग दुसऱ्या खोलीतून त्या नावानं एकदा हाक मारा, आणि ती ओ देते का ते बघा.